तेराव्या भागातला दिवा

कप्तान सारंगने तांडेल भिवाला वाचवता येत असूनही मरू दिलं की नाही, हा प्रश्न एखाद्या लग्नाच्या पंगतीत विचारून बघा. निम्मी पंगत ताटावरून उठेल आणि उरलेली निम्मी तिच्या मागे भांडायला जाईल. म्हणून लग्नकार्यात मी कुठे नोकरी करते ते सांगत नाही. बँकेत आहे म्हणते, मग पुढचं कुणी विचारत नाही.

खरं म्हणजे मी 'ध्रुवयान'मध्ये आहे. पन्नास वर्षं चाललेली ही अवकाशमालिका. तिच्या चार आवृत्त्या झाल्या, चित्रपट निघाले, नट बदलले, निर्मात्यांच्या दोन पिढ्या गेल्या. कोल्हापूरच्या आमच्या स्टुडिओत दृश्यसंगती नावाचा विभाग आहे आणि मी, महानंदा मंगरुळे, त्याची प्रमुख. एका दृश्यात कप्तानाची डावी बाही फाटली असेल तर पुढच्या दृश्यात उजवी फाटलेली दिसता कामा नये, जुन्या मालिकेत यानाचं दार बाहेर उघडत असेल तर आज ते आत उघडता कामा नये, हे बघणं माझं काम. चुकलं की प्रेक्षकांचे निरोप येतात. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात खवट निरोप ज्याचे यायचे तो रेवण माझा सख्खा धाकटा भाऊ. सोलापुरात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या मालिकेत मी दाराची लांबट मूठ गोल केली, तर या शहाण्याने चाहत्यांच्या भर संमेलनात उभं राहून माझा राजीनामा मागितला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

आता तेराव्या भागाविषयी. पहिल्या मालिकेचा हा शेवटचा भाग एकदाच दाखवला गेला. पुढे निर्मात्याच्या गोदामात टेपांना बुरशी लागली आणि तो कायमचा गेला. त्यात यानाचं शेपूट तुटतं आणि तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, भिवा एका दारामागे अडकतो. कप्तान सारंग दारापाशी येतो, चौकटीत खाली बसवलेल्या दिव्याकडे बघतो, क्षणभर थांबतो आणि पाठ फिरवून निघून जातो. दिवा लाल असेल, तर भिवाने दार आतून लावून घेतलं होतं, कप्तान बिचारा काय करणार? हिरवा असेल, तर दार उघडं होतं आणि कप्तान मित्राला टाकून पळाला. या एका दिव्यावरून 'लाल' आणि 'हिरवे' असे दोन तट पडले, ते आजतागायत.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळी रंगीत टीव्ही घेण्याची ऐपत थोड्यांची. बाकीच्यांकडे कृष्णधवल, आणि हौस असेल तर त्यावर तीन रंगांची प्लास्टिकची काच लावायची. वर निळा पट्टा, मधे नारिंगी, खाली हिरवा. आभाळ निळं, माणसं नारिंगी, गवत हिरवं, असा त्यामागचा हिशेब. बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे दिसायचे, पण आम्ही त्याला रंगीत टीव्हीच म्हणायचो आणि गल्लीतली पोरं आमच्या खिडकीला लोंबकळायची. दिवा होता पडद्याच्या तळाशी. म्हणजे अशा प्रत्येक घरात तो हिरवाच दिसणार. वाद मुळात कुणाच्या घरी कसला टीव्ही होता याचा आहे. हे मी एकदा जाहीरपणे बोलले, तर दोन्ही बाजू अंगावर आल्या.

पन्नासाव्या वर्षासाठी स्टुडिओने भिवाच्या परतण्याचा चित्रपट ठरवला आणि लेखक अडून बसले. भिवा मित्राला मिठी मारायला परत येतो की सूड घ्यायला, ते दिव्यावर ठरणार होतं. तेव्हा आमच्या संचालक देवस्थळींनी पुण्याहून मेंदूशास्त्रज्ञ डॉ. निरुपमा टिळेकरला बोलावलं. ती आपलं स्मृतिदर्शी यंत्र घेऊनच आली.

"आपण एखादी गोष्ट बघतो तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात जी नक्षी उमटते, जवळपास तशीच नक्षी ती गोष्ट आठवताना उमटते," तिने मला समजावलं. "ही टोपी ती नक्षी वाचते आणि यंत्र तिचं पुन्हा चित्र करतं. अडचण एवढीच की आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो नाही. ती दर वेळी नव्याने रांधावी लागते, आणि रांधताना हाताशी असेल ते त्यात पडतं. नंतरच्या मालिका, चित्रपट, लोकांच्या गप्पा. तुम्ही सगळे चाहते त्या बाबतीत अगदी गढूळ झालेले आहात."

"मग मी कशाला हवी?"

"तुमच्या काचेमुळे. त्या संध्याकाळी जे तुमच्या डोळ्यांत गेलं ते तीन रंगांतून गेलं. नंतर मिसळलं त्याला तो रंग नाही. काच म्हणजे आमच्यासाठी तारखेचा शिक्काच आहे. हिरवा रंग वजा केला की खालचा कृष्णधवल दिवा उरतो. लाल दिवा कृष्णधवल पडद्यावर मंद दिसतो, हिरवा उजळ. शेजारच्या दाराच्या रंगाशी ताडून बघायचं. दार तर तुमच्या गोदामात अजून आहेच."

मला ते पटलं. मग तिने मुद्द्याची गोष्ट सांगितली. ओझरतं आठवलं तर चित्र धूसर येतं. दिव्याची उजळी मोजण्याइतकं स्वच्छ हवं तर औषध देऊन आठवण पूर्ण सैल करावी लागते. सैल झालेली आठवण पुन्हा बसताना, तुम्ही ज्या भागाकडे बघत होता तेवढाच घट्ट बसतो. उरलेला विरून जातो. म्हणून हे एकदाच करता येतं.

मी सही करून टाकली. दिवा सोडून त्या भागातलं मला काय ठेवायचं होतं!

स्टुडिओने आतल्या आत काहीतरी शिजवलं असं कुणी म्हणू नये म्हणून दोन्ही तटांना साक्षीदार पाठवायला सांगितलं होतं. लालांनी माझ्यावर भरवसा टाकला, मी त्यांच्यातली आहे असा त्यांचा समज होता आणि तो खोटाही नव्हता. हिरव्यांनी त्यांचा म्होरक्या पाठवला. रेवण सकाळच्या गाडीने आला, माझ्याकडे न बघता डॉ. टिळेकरला नमस्कार केला आणि खुर्ची ओढून यंत्रापुढे बसला.

आधी औषधाविना चाचणी होती. मी डोळे मिटून तो भाग आठवला आणि भिंतीवरच्या पडद्यावर तो हलायला लागला. धूसर होता, पण तीन रंगांत होता. सुकाणूची खोली, तुटलेलं शेपूट, बाहेरचा काळा अवकाश. अवकाश आला तेव्हा निरुपमा पुटपुटली, "इथे घाण आहे थोडी."

"कसली घाण?"

"खोलीची. पडदा काळा झाला की काचेत बघणारे दिसतात. तुमच्या डोळ्यांनी तेही टिपलंय. काढून टाकते मी ते."

मी डोळे उघडले. काळ्या अवकाशात, नारिंगी पट्ट्यात, एक खुर्ची होती. खुर्चीत बसलेला माणूस होता, तोंडाच्या जागी नुसता डाग. त्याच्या मांडीवर दोनतीन वर्षांचं पोर होतं.

रेवण उठून उभा राहिला. "हे कोण?"

"तू," मी म्हणाले. "आणि अप्पा."

अप्पा त्याच वर्षी घर सोडून गेले. भांडण नाही, चिठ्ठी नाही. गिरणीत जातो म्हणून गेले ते गेलेच. अव्वाने, म्हणजे आमच्या आईने, काही दिवस वाट बघितली आणि मग त्यांचा एकूण एक फोटो आंघोळीच्या बंबात घातला. लग्नाचासुद्धा. त्यांच्याकडचं कुणी पुन्हा दारात आलं नाही. रेवणला त्यांचं काहीच आठवत नव्हतं. मला मात्र आठवत होतं. सात वर्षांची होते मी. डोळे मिटले की त्यांचा चेहरा समोर यायचा, आत्ता बोलतील असा, आणि मी तो कुणालाही न सांगता जपला होता. अव्वा गेल्यानंतर जगात तो चेहरा माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता.

"सुट्टी घ्या थोडी," निरुपमा म्हणाली. तिला आमचे चेहरे बघवले नसावेत.

कँटीनमध्ये रेवणने चहा मागवला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"मला नको त्यांचं तोंड. तू दिवा बघ."

"दिवा बघितला तर काचेतले अप्पा जातील, रेवण. शिक्का बसलेले तेवढेच आहेत. माझ्यातूनही जातील. ऐकलंस ना ती काय म्हणाली ते?"

"जाऊ देत की. जायची सवयच हाय त्यांना." त्याने कप आदळला. "सगळा जन्म त्या दिव्यापायी भांडायलोय मी. लोक येडा म्हणायलेत. बायको माहेरी सांगती, आमच्या ह्यांना दिव्याचं खूळ हाय म्हणून. आज कळू दे एकदाचं."

"आणि लाल निघाला तर?"

"निघत नाही. दार उघडं होतं. माणूस थांबू शकत होता, नाही थांबला. असली माणसं असतात अक्का, तूच ते मान्य करायला तयार नाहीस."

"तू कप्तानाबद्दल बोलतोयस की अप्पांबद्दल?"

"तू लाल कुणासाठी झालीस ते सांग आधी."

आयुष्यभर मला एकच गोष्ट हवी होती, की दार बंद असावं, त्यांचा नाइलाज असावा. एवढ्यासाठी मी एका खोट्या यानातल्या खोट्या कप्तानाची वकिली करत आले होते, आणि समोर बसलेला माझा भाऊ त्याच कप्तानाला फासावर चढवत आला होता.

चहा संपला तरी तो कप हातात फिरवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मी दिसतो का गं त्यांच्यासारखा?"

"नाक तुझंच आहे," मी म्हणाले.

"खरंच?"

"अगदी."

पन्नाशी उलटलेला माणूस, केस पिकलेले, आणि त्याने स्वतःच्या नाकाला बोट लावून बघितलं. मी तिथेच ठरवलं.

परत आलो तर देवस्थळी फोनवर होत्या. चाचणीचं चित्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "मंगरुळे, काचेत काय दिसतं याच्याशी स्टुडिओला कर्तव्य नाही. लेखक बसून आहेत, परवा घोषणा आहे. तुम्ही दिवा बघायच्या करारावर सही केली आहे. नजर इकडे तिकडे गेली तर खुर्ची रिकामी करून जा, मला पुन्हा बोलायला लावू नका."

"समजलं," मी म्हणाले. समजलं होतंच.

निरुपमाने औषध टोचलं, टोपी घट्ट केली. डोळ्यांवर पट्टी बांधली. थोड्या वेळाने डोकं हलकं झालं आणि मी आमच्या सोलापूरच्या घरात जमिनीवर मांडी घालून बसले होते. फरशीचा गारवा मांड्यांना लागत होता. टीव्हीची शीळ ऐकू येत होती. तेरावा भाग माझ्यापुढे चालू होता, इतका स्वच्छ की भिवाच्या कपाळावरचा घाम दिसावा.

"छान येतंय," दूरवरून निरुपमाचा आवाज आला. "आता शेपूट तुटेल. नंतर अवकाश, नंतर दार. नजर खाली आणा. आत्तापासूनच खाली."

शेपूट तुटलं. पडदा काळा झाला. नारिंगी पट्ट्यात खुर्ची उमटली.

"खाली, मंगरुळेबाई. तळाला बघा."

तळाशी हिरवट अंधार होता. भिवा दार बडवत होता. कप्तानाचे बूट वाजत होते, जवळ येत होते. आता एक पापणी खाली करायची आणि पन्नास वर्षांचा तंटा मिटला असता. खरं सांगते, मोह झाला. मला त्या कप्तानाला सोडवायचं होतं.

मी मधेच बघत राहिले. खुर्चीकडे, पोराकडे, वरच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्यावर नजर रोवली आणि धरून ठेवली. तो हळूहळू उजळला, स्पष्ट झाला, अगदी माझ्या ओळखीचा. डोळ्याच्या कोपऱ्यात खाली कुठेतरी एक दिवा लागला आणि मी बघितलं नाही म्हणून पुसट होत गेला. लाल की हिरवा, देवाशपथ सांगते, मला कळलं नाही. मग दार पुसलं, भिवा पुसला, बूट वाजायचे थांबले.

"काय केलंत हे!" निरुपमा ओरडली. तिने माझी पट्टी ओढून काढली. "दिव्याचं काहीच उरलं नाही. काहीच!"

मी तिच्याकडे बघितलं नाही. "रेवण, बघ," मी म्हणाले. "बघ अप्पा."

भिंतीवर चित्र थांबलं होतं. खुर्ची स्वच्छ, मागची भिंत स्वच्छ, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. आणि तो चेहरा. माझा, इतकी वर्षं जपलेला. मी डोळे भरून बघितला आणि बघता बघता माझी नजर गालावर अडली.

डाव्या गालावर तीळ होता. तो तीळ मला चांगला ठाऊक होता, कारण तो खोटा होता. मेकअपवाला तो रोज चिकटवायचा आणि डावीकडचा उजवीकडे गेला नाही ना, हे मी रोज तपासायचे. भिंतीवरचा माणूस उदयन धामापूरकर होता. दुसऱ्या मालिकेतला कप्तान सारंग. मी सात वर्षांची असताना हा नट कुठल्यातरी कॉलेजात एकांकिका करत असेल. खुर्ची नारिंगी होती, भिंत नारिंगी, पोर नारिंगी. चेहरा तेवढा साध्या माणसाच्या कातडीच्या रंगाचा होता. काचेचा शिक्का त्याच्यावर नव्हता.

म्हणजे कधीतरी, वर्षानुवर्षं तो चेहरा बघता बघता, माझ्या नकळत अप्पांच्या मानेवर मी तो बसवला होता. बाहीवरची शिवण चुकली तर चित्रीकरण थांबवणारी मी. अप्पा माझ्याकडेही नव्हते. केव्हापासून नव्हते तेही मला सांगता येणार नव्हतं. मी मोठ्याने रडले असते, पण रेवण शेजारी उभा होता.

त्याला कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. ध्रुवयानातली एकेक चौकट या माणसाला पाठ. मूठ गोल झाली म्हणून बहिणीची अब्रू काढणारा हा. मी वाट बघत राहिले, आता बोलेल, आता बोलेल.

"अप्पा देखणे होते की गं," तो म्हणाला.

"रेवण."

"काय?"

"हे धामापूरकर आहेत."

"दिसायलंय मला."

"मला अप्पा आठवतच नाहीत रे. मी तुला नाकाचं खोटं बोलले. मुद्दाम नाही. मला खरंच वाटलं होतं..."

"रडू नकोस अक्का." त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "हे बघ. पहिल्या नटाची टेप नसली की काय करतो आपण? दुसरा चालवून घेतो. त्यालाच कप्तान म्हणतो, त्याच्या नावाने टाळ्या वाजवतो. हे घरातलं हाय. घरात हेच अप्पा धरायचे."

"तू? तू चालवून घेणार?"

"एकदा चालवून घेतलं तर काय बिघडतंय?"

टेबलावरचा फोन वाजायला लागला. देवस्थळी असणार. निरुपमाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, ती बाहेर जाऊन बोलायला लागली. "दिवा दिसला नाही," असं तिने दोनदा सांगितलेलं आत ऐकू आलं. लाल आणि हिरव्यांना आणखी पन्नास वर्षं पुरेल इतकं भांडण शिल्लक राहिलं होतं आणि माझी नोकरी गेली होती. त्या घटकेला मला दोन्हींचं काही वाटलं नाही.

रेवण उठून भिंतीपाशी गेला होता. वायंडिंगची तार तपासताना बघतो तसा चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळून बघत होता. चेहऱ्याकडे नाही, खाली.

"अक्का, हिकडे ये."

मी गेले. पोराच्या पोटावर एक हात होता. पसरलेला, बोटं रुतलेली, खेळात रमलेलं पोर मांडीवरून घसरू नये म्हणून धरतात तसा. अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, कुठेतरी चेचलं असावं. असला हात ध्रुवयानातल्या कुठल्याही नटाला नव्हता. आणि तो पूर्ण नारिंगी होता, मनगटापासून नखांपर्यंत.

"चेहरा बदली नटाचा," रेवण म्हणाला. "हात ओरिजिनल हाय."

त्याने स्वतःचा तळहात शर्टावरून पोटावर ठेवला, चित्रात होता तिथेच, आणि दाबून बघितला.

"धरलं होतं की गं मला," तो म्हणाला. "चांगलं घट्ट धरलं होतं."